पाटीवर घर नव्हतं

त्या घरात सकाळ व्हायची ती आवाजाने, उजेडाने नाही. पेठेकडच्या बाजूला लाकडी फळ्यांची सरकती दारं होती. रात्री ती लावली की आत मध्यरात्र काय आणि सकाळ काय, सारखाच काळोख. ओकासान पहाटे उठून एकेक फळी खडखडत सरकवायच्या आणि टोकाच्या उभ्या खोक्यात ढकलायच्या. फळी सरकली की उजेडाची एक पट्टी जिन्यावरून चढून माझ्या अंथरुणापर्यंत यायची. शेवटची फळी नेहमी अडायची. तिला गुडघा लावून, दबक्या आवाजात काहीतरी पुटपुटत त्या रेटायच्या. ते पुटपुटणं म्हणजे सकाळची प्रार्थना असावी असं मला बरेच महिने वाटत होतं. भाषा थोडी कळायला लागल्यावर समजलं की त्या त्या फळीला शिव्या द्यायच्या.

ओकासान म्हणजे आई. त्यांचं आडनाव माझ्या जिभेवर वळेना, तेव्हा त्यांनीच सांगितलं, "ओकासान म्हण. इथं राहिलेली सगळी पोरं तेच म्हणायची." त्यांचे यजमान मी येण्याआधीच वारले होते. मुली दोन, दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या. थोरली, मिचिको-सान ('सान' म्हणजे आपलं 'जी'), महिन्यातून एकदा ओसाकाहून यायची. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण मुली आहेत आणि त्यांना ते आवडायचं नाही. टोकियोच्या उत्तरेला, आगगाडीने दीडेक तासावर, नदीच्या काठी वसलेली ती जुनी बाजारपेठ होती एवढं पुरे. पूर्वी तिथं ठरल्या दिवशी बाजार भरायचा, खेड्यांतून रेशीम आणि धान्य यायचं, होड्यांनी मीठ यायचं. मी गेलो तेव्हा बाजार उरला नव्हता, नुसती पेठ उरली होती: दोन्ही बाजूंना जाड काळ्या भिंतींची कौलारू दुकानं, पुढे दुकान आणि मागे बोगद्यासारखं आत आत जाणारं घर. रविवारी टोकियोची माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि आमच्या दारासमोर उभी राहून फोटो काढायची. मी आतून बघत असलो की ओशाळून हसायची. अशा घरातून सावळा, मिशीवाला माणूस डोकावेल याची त्यांना कल्पना नसायची.

घराण्याचा धंदा लोणच्यांचा. दुकान बंद पडलं होतं, पण लाकडी पिपं तशीच होती, त्यांच्यावर दाबायला ठेवलेले नदीतले गोल दगडही. त्यातलं एकच पीप चालू होतं, स्वयंपाकघराच्या मागच्या थंड खोलीत. तांदळाचा कोंडा मिठाच्या पाण्यात कालवून ओल्या वाळूसारखा केलेला, त्यात काकडी, वांगी, मुळा पुरायचा आणि एक-दोन दिवसांनी काढून धुऊन खायचा. आपल्या विरजणासारखंच ते: जुन्यातूनच नवं होतं, आणि रोज हात घालून खालवर केलं नाही तर मरतं. ओकासान रोज संध्याकाळी बाही वर करून कोपरापर्यंत हात त्यात घालायच्या. त्या वासाची मला आधी शिसारी यायची. नंतर त्या वासानेच भूक लागायला लागली. जेवायला भात, मिसोचं म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, भाजलेला मासा आणि त्या पिपातली काकडी. मी घरून आणलेली शेंगाचटणी त्यांना पहिल्यांदा दिली तेव्हा त्यांनी ती चमच्याच्या टोकावर घेऊन आधी नुसती बघितली, मग खाल्ली, मग पदराने पुसावेत तसे ॲप्रनने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दत्ता-सान, तुझी आई रागीट आहे का?"

मी बार्शीकडचा. वडील मार्केट यार्डात मापाडी होते. आम्ही पाच माणसं दोन पत्र्याच्या खोल्यांत भाड्याने राहायचो. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तेही शाळेच्या एका सरांनी फी भरली आणि सोलापुरात एका ओळखीच्या कुटुंबाने दोन वर्षं जेवू घातलं म्हणून. मला माणसांनी वाढवलंय, हे मी कधी विसरलो नाही. म्हणून पुण्याच्या कंपनीने जेव्हा त्या गावाबाहेरच्या कारखान्यात, तिथल्या संगणकांच्या कामावर पाठवलं, आणि भाषा लवकर येईल म्हणून हॉटेलऐवजी या घरी ठेवलं, तेव्हा मला ते घरच्यासारखं वाटलं यात नवल नाही. वडिलांना मी त्या घराबद्दल सांगायचो. छताला एक आडवी तुळई होती, धुराने काळी झालेली, दोघांच्या कवेतही मावणार नाही अशी. वडील फोनवर 'केवढी रं?' असं परत परत विचारायचे. आमच्याकडे 'घर' म्हणायचं ते कधीतरी होणाऱ्या घराला. राहत होतो त्याला आम्ही 'खोल्या' म्हणायचो.

तर एका संध्याकाळी कारखान्यातून सायकलवरून परत आलो, तेव्हा आमच्या दाराशेजारी पांढरी पाटी ठोकलेली दिसली. मला तेव्हा थोडीच अक्षरं वाचता येत होती. त्यातली दोन ओळखीची निघाली: 'विक्री' आणि 'जमीन'. मी सायकल लावली आणि आजूबाजूला जमीन शोधायला लागलो. डावीकडे मिठाईवाल्याचं दुकान, उजवीकडे छत्र्यांचं. मोकळी जागा कुठेच नाही. शेजारच्या गल्लीतलं एखादं परसू असेल आणि पाटी चुकून इथं लागली असेल असं समजून मी आत गेलो आणि जेवताना सहज म्हणालो, "ओकासान, कुणीतरी चुकून आपल्या दाराला पाटी लावलीय."

"चुकून नाही. आपलीच आहे."

"पण त्यावर जमीन लिहिलंय."

"हो. जमीनच आहे ना." आणि त्यांनी माझ्या वाटीत आणखी सूप वाढलं.

मी वर बघितलं. तुळई जिथल्या तिथं होती. भिंती होत्या, जिना होता, भिंतीवर यजमानांच्या आजोबांचा फोटो होता. या सगळ्यासकट आम्ही जिथं बसून जेवत होतो त्याचा त्या पाटीवर उल्लेखच नव्हता. त्या आठवड्यात फोनचं कार्ड आणून वडिलांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आरं, उभं घर हाय न्हवं? मग जमीन कशी इकतील? त्वा वाचायला चुकला आसशील." मी म्हटलं, नाही चुकलो. मग म्हणाले, "तुळई बी?"

पुढच्या शनिवारी मिचिको-सान आली आणि तिच्याबरोबर जमिनीचा दलाल आला. तरुण होता, कोट नीट, बोलणं गोड. बूट काढून ते रस्त्याच्या दिशेने टोकं करून ठेवले, वाकून नमस्कार केला, घराची तोंड भरून स्तुती केली. मग बसून शांतपणे सांगितलं की 'वरची वस्तू' जुनी असल्याने तिला किंमत नाही. घराला ते लोक 'वरची वस्तू' म्हणतात, जमिनीवर असलेली म्हणून. आणि किंमत नाही म्हणजे शून्य असंही नाही. ती पाडून उचलून न्यायचा खर्च जमिनीच्या दरातून वजा होईल. म्हणजे ते घर नसतं तर जागेला जास्त पैसे आले असते. मी हे दोनदा मनात भाषांतर करून बघितलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं. मिचिको-सान मान हलवत होती, एखादी शिक्षिका बरोबर उत्तराला हलवते तशी. ओकासाननी दलालाला चहा दिला आणि "त्रास देतो आहोत तुम्हाला" असं म्हणाल्या. ज्या माणसाने त्यांचं घर ओझं ठरवलं त्याचीच त्या क्षमा मागत होत्या.

आता इतकी वर्षं इथं काढल्यावर मला यातलं काहीच नवीन वाटत नाही. टोकियोत हिगाशी-कसाईतला आमचा फ्लॅटही दरवर्षी थोडा थोडा स्वस्त होतोय आणि मी हप्ते भरतोय. पण तेव्हा मी जणू कुणीतरी गालफडात मारावी तसा तिथं बसलो होतो. आमच्या गावात भिंती पडल्या, कौलं उडाली तरी लोक 'घर' विकतात, आणि घेणारा उंबऱ्याला हात लावून आत जातो.

मला वाटलं, आता आपली पाळी. ज्यांनी जेवू घातलं त्यांचं घर वाचवायचं. माणूसही लगेच आठवला: आमच्या कामावरचे मोठे साहेब, कर्णिक. मूळ ठाण्याचे, जपानमध्ये खूप वर्षं झालेली, बायको आणि दोन मुलांसह टोकियोच्या एदोगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि रोज उलट्या दिशेने, रिकाम्या गाडीतून आमच्या कारखान्यात यायचे. त्यांना इकडेच घर घ्यायचं होतं. बँक कर्ज द्यायला तयार होती. मी सांगितल्यावर म्हणाले, "पाडायचं कशाला? वेडे आहेत का हे लोक? अरे, असं घर आपल्याकडे असतं तर तिकीट लावलं असतं." मी ओकासानना विचारलं की माझे साहेब घर बघायला येऊ देत का, त्यांना ते पाडायचं नाही, राहायचंय. त्या म्हणाल्या, "एवढ्या लांबून? त्रास होईल त्यांना." मी म्हटलं, मुळीच नाही. "मग येऊ देत," त्या म्हणाल्या.

रविवारी कर्णिक कुटुंब आलं. वहिनी गोऱ्यापान, बडबड्या, हातात डब्यांची पिशवी. अकरा वर्षांची इरा, आणि तिचा धाकटा भाऊ जो आल्या आल्या कॅमेरेवाल्यांना दारातून हात हलवायला लागला. वहिनींनी उंबऱ्यावर पाय न देता पलीकडे टाकला, आणि ओकासाननी ते पाहिलं. त्यांच्याकडेही उंबऱ्यावर पाय देत नाहीत. तेवढ्यावरच दोघींचं जमलं असं मला वाटलं. वहिनींनी पर्समधून होकायंत्र काढलं आणि घरभर फिरल्या. मागच्या अंगणाच्या कोपऱ्याशी येऊन थांबल्या. "अहो, ईशान्य अगदी मोकळी ठेवलीय यांनी! दत्ता, विचार बरं, मुद्दाम का?"

मी विचारलं. ओकासान म्हणाल्या, ती राक्षसांची यायची दिशा, म्हणून तिथं कुणी काही बांधत नाही, नुसतं लाल फळांचं झुडूप लावतात.

"अगं बाई! आमचे देव तिथंच बसतात."

इराने हे जपानीत सांगितलं. ओकासान झुडपाकडे बघून म्हणाल्या, "मग दाटी होत असेल," आणि दोघी पोट धरून हसल्या. मी कर्णिकांकडे बघितलं, त्यांनी डोळे मिचकावले. मला वाटलं, जमलं.

वर-खाली सगळं बघून झाल्यावर सगळे चटईवर बसले. वहिनींनी त्या पिपातली वांगी खाल्ली आणि म्हणाल्या, "हे पीप मला शिकवायचं हं आजी, मी चालू ठेवीन." मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. दोघांचं आधीच ठरलेलं असावं. कर्णिक गुडघ्यांवर हात ठेवून, ऑफिसातल्या मीटिंगलाही न वापरलेल्या नम्र जपानीत म्हणाले की त्यांना घर फार आवडलंय, एक वीटही हलवायची नाही. आणि आणखी एक. ओकासाननी कुठेही जायचं नाही. मागची खोली त्यांचीच. मुलांना इथं आजी नाही, ती त्यांनी व्हावं. वयस्कर माणसाशिवाय घराला शोभा नाही, असं आम्ही मानतो.

सांगतो, मला तेव्हा भरून आलं. कोण कुठली माणसं, आणि घराबरोबर म्हातारीलाही पदरात घेत होती! आमच्याकडे याच्यापलीकडे कुणी कुणाला काय देणार? ओकासान दोन्ही तळवे चटईवर टेकून इतक्या खाली वाकल्या की कपाळ हातांना लागलं. म्हणाल्या, "माझ्या योग्यतेपेक्षा फार मोठं बोललात. ऐकूनच मन भरलं." वहिनींचे डोळे भरले. त्यांनी मुलांना पुढे ढकललं, "नमस्कार करा आजींना," स्वतःही वाकल्या, आणि डब्यातून दूध पावडरचा, घरी केलेला पेढा काढून थेट ओकासानच्या तोंडाशी नेला. "तोंड गोड करा आजी. शब्द झाला आता."

मी त्या देशात कुणी कुणाला हाताने भरवताना पाहिलं नव्हतं, आजाऱ्याला सोडून. ओकासान मागे सरकल्या, पण मागे खांब होता. त्यांनी ओठ उघडले. पेढा आत गेला. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो: डोळे विस्फारलेले, गाल फुगलेला, आणि आदबीने, पाठ ताठ ठेवून चावणं.

स्टेशनवर पोचवायला गेलो तेव्हा कर्णिक दलालाला केव्हा फोन करायचा ते बोलत होते. इरा मोबाइलवर खेळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्या नो म्हणाल्या."

"कधी?" वहिनी म्हणाल्या. "किती छान बोलल्या की!"

"तेच तर. एवढं छान बोलल्या, आणि मग घराचं काहीच नाही बोलल्या. दॅट्स नो, आई. सगळ्यांना कळतं."

"तुला फार कळतं," कर्णिक म्हणाले. "इथल्या शाळेत घालून पोरांची मनंच थंड झालीत." इराने जपानीत काहीतरी उत्तर दिलं. ते मला समजलं नाही, पण कर्णिकांना समजलं आणि ते एकटेच फलाटाच्या टोकाकडे चालत गेले.

त्यानंतर घरात काहीतरी बदललं. ओकासान माझ्याशी जास्तच आदबीने बोलायला लागल्या, पाहुण्याशी बोलावं तसं. मासा माझ्या ताटात मोठा असायचा. मी कर्णिकांचा विषय काढला की म्हणायच्या, "फार चांगली माणसं," आणि उठून काहीतरी आणायला जायच्या. दोन आठवड्यांनी कामावरून आलो तर पाटीवर आडवी लाल पट्टी चिकटवलेली होती. 'विकलं' हे अक्षर मला येत होतं. मी सायकल तशीच टाकून आत धावलो. आनंदाने, कर्णिकांनाच दिलं असेल अशा समजुतीने. मागच्या थंड खोलीत ओकासान पिपासमोर बसल्या होत्या.

"कर्णिक-सानना कळवलंत?"

"मिचिकोने कळवलं. माफी मागितली." कोंड्यातून हात न काढता त्या म्हणाल्या, "बांधकामवाल्याला दिलं. नवं वर्ष लागलं की पाडतील."

मी तिथंच, मोजे थंड जमिनीवर, उभा राहिलो. मग माझा आवाज चढला. या देशात मी पहिल्यांदा आवाज चढवला तो त्या खोलीत. ते घर तुम्हाला सोडायचं नव्हतं, तुम्हाला ते ठेवून घेत होते, पैसेही तेवढेच देत होते, मग का? का पाडायचं?

त्यांनी हात बाहेर काढला. कोपरापर्यंत कोंडा लागलेला होता. त्या धुवायला गेल्या नाहीत. "बस, दत्ता-सान," म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्या संध्याकाळी सासूने माझं मनगट धरलं आणि हात यात घातला. म्हणाली, हे घराण्याचं आहे, तुझ्या हातात मरू देऊ नकोस. तेव्हापासून मी एक रात्र बाहेर झोपलेले नाही. मिचिकोचं लग्न ओसाकात झालं. सगळे राहिले. मी शेवटच्या गाडीने परत आले, याला खालवर करायला."

"पण आता कोण विचारणार होतं? एक दिवस नाही केलं तर..."

"कोण नाही. हेच." त्यांनी पिपाच्या कडेवर थाप मारली, मग भिंतीवर. "घर उभं असलं की ते बोलावतं. फळ्या लावल्यास का. चूल विझली का. तुझ्या साहेबांची बायको फार गोड आहे. पण ती म्हणाली, तुम्ही आजी व्हा. मला काय दिसलं सांगू? पहाटे उठून पाच माणसांचा भात. मी दचकले. तोंडात तो गोड गोळा होता म्हणून, नाहीतर ओरडले असते."

"तुम्ही वेगळीकडे राहिला असता. घर त्यांनी ठेवलं असतं."

"स्टेशनजवळ फ्लॅट घेतलाय. तिथून चालत इथं यायला कितीसा वेळ? ते राहत असते तर मी रोज संध्याकाळी दाराशी येऊन उभी राहिले असते. मला माहीत आहे ना मी कशी आहे." त्यांनी मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "ते उभं असेपर्यंत मी सुटत नाही."

घराचा राग येऊ शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी आयुष्यभर घर नसलेल्या माणसांत राहिलो होतो. घर मिळालेल्या बाईला काय हवं असेल असा प्रश्नच माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. त्यांनी हात धुतला, काकड्या काढल्या, आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कर्णिक माझ्यापासून लांब, दुसऱ्या टेबलावर जेवले. संध्याकाळी वहिनींचाच फोन आला. "दत्ता, मला एक सांग. म्हातारीने पेढा खाल्ला की रे! खाल्ला ना? तुझ्यासमोर खाल्ला!" मी म्हटलं, खाल्ला. "मग?" त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी टोकियोच्या पूर्वेला, चिबाकडे कोरं करकरीत घर घेतलं, ईशान्येला न्हाणीघर असलेलं.

पाडण्याआधी जवळच्या बौद्ध मंदिरातले एक भटजी आले. पितरांच्या काळ्या देव्हाऱ्यासमोर बराच वेळ मंत्र म्हणून त्यांनी त्यातून जे होतं ते काढून घेतलं, आणि मग माणसांनी तो उचलून ट्रकमध्ये ठेवला. सकाळी देव्हारा होता, दुपारी कपाट झालं. अंगणातली विहीर बुजवताना तिच्यात एक पोकळ बांबू उभा ठेवला, आतल्या देवाला श्वास घेता यावा म्हणून. देवासाठी बांबू ठेवणारी माणसं घर मात्र यंत्राने तोडणार होती. ते माझ्या डोक्यात कुठेच बसेना. मी तोवर कंपनीच्या वसतिगृहात राहायला गेलो होतो, ओकासान फ्लॅटमध्ये, पीप मागेच ठेवून.

पाडायच्या दिवशी मी रजा घेतली. समोरच्या फुटपाथवर ओकासान फिकट निळा कोट घालून, केस बसवून उभ्या होत्या. शेजारचे मिठाईवाले बाहेर येऊन घराला वाकून नमस्कार करून आत गेले. यंत्राचा लांब लोखंडी पंजा आला, छपरावर टेकला आणि कौलं मुठीत धरून उचलली. मला वाटलं होतं दणका होईल. तसं काही झालं नाही. जुनं लाकूड मोडताना जो आवाज झाला तो एखाद्या माणसाने झोपेत कण्हावं तसा. एकजण नळीने पाणी मारत होता, धूळ उडू नये म्हणून, आणि ओल्या मातीतून चुलीचा, लोणच्यांचा, माणसांचा सगळा वास एकदम बाहेर आला. मग तुळई दिसली, उघड्यावर, उन्हात. तिच्यावर ऊन पडलेलं कुणीच कधी पाहिलं नसेल. पंज्याने ती मधोमध धरली.

मी रडलो. लहान मुलासारखा, तोंड उघडून. यंत्र थांबलं. मुकादम हेल्मेट काढून रस्ता ओलांडून आला आणि माझ्यासमोर वाकला. "आपण या घरचे? फार वाईट वाटतं," म्हणाला. मी मान हलवायला लागलो, तर ओकासान म्हणाल्या, "हो. रडणारे आमच्याकडचे. तुम्ही चालू द्या." आणि त्यांनी पिशवीतून गरम चहाचे कॅन काढून कामगारांना वाटले. त्यांचे डोळे कोरडे होते. मला त्या क्षणी त्यांची भीती वाटली.

दुपारनंतर रस्त्याच्या या बाजूला ऊन आलं. छत्र्यांच्या दुकानाची एक भिंत, जिच्यावर कधी कुणाची नजर गेली नव्हती, ती आता सगळ्या पेठेला दिसत होती. ओकासान त्या मोकळ्या जागेकडे वळल्या. "केवढीशी जागा," म्हणाल्या. मग मला घरी जायला सांगितलं.

शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या फोनवर मिचिको-सान. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ती आईला भेटायला आली होती. फ्लॅट बंद, तिच्याकडच्या किल्लीने उघडला तर आत कुणी नाही, अंथरूण घडी घातलेलं, रात्रभर कुणी झोपलेलं नाही. मी सायकल हाणली. वाटेत त्या मोकळ्या जागेवरून जावं लागलं. तिथं पिवळी दोरी बांधलेली होती आणि कुणी नव्हतं. कोरडे डोळे मला आठवले, आणि नदीवरचा पूल आठवला. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. फ्लॅटमध्ये मिचिको-सान कोट न काढता उभी होती. "मीच पाडायला घाई केली," ती म्हणाली. "आई एक शब्द बोलली नाही आणि मी समजले तिला चालेल." मी म्हटलं, पोलिसांकडे जाऊ. ती बूट घालायला वाकली, तेवढ्यात तिच्या पिशवीतला मोबाइल वाजला.

ती ऐकत राहिली. "कुठे?" म्हणाली. मग परत, "कुठे?" आणि दारातच खाली बसली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"दत्ता-सान, तूही तिथंच?" ओकासान म्हणाल्या. "काल समुद्रावर आले. रात्री परत जायला गाडी होती, पण मी बसले नाही. इथल्या एका लहानशा हॉटेलात झोपले." मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि एका तरुण बाईचा, काहीतरी विचारणारा. "रडतोयस की काय? नंतर बोलू. ही मुलगी भात वाढतेय, गार होईल."

आणि त्यांनी फोन ठेवला.